जयवंत दळवी : आरवलीचे नाटककार

ग्रंथकाराचे गाव सांगितले म्हणजे त्याच्या ग्रंथांचा अर्थ लागला, अशी एक समजूत आपल्याकडील चरित्रकारांत फार दिवस रूढ आहे. ती अर्धीमुर्धी खरी आहे. गावातील शेकडो माणसे तीच नदी, तेच देऊळ आणि तीच माणसे पाहत असतात. त्यांतून एखादाच लेखक होतो. परंतु जो होतो तो कोणता प्रश्न आयुष्यभर उराशी धरील, हे मात्र पुष्कळ वेळा गावच ठरवून देते. जयवंत दळवी यांच्या नाटकांचा विचार करताना ही गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते. त्यांचा जन्म १४ ऑगस्ट १९२५ रोजी गोव्यातील हडफडे येथे झाला. पण घर आरवलीचे, आणि बालपणही तेथलेच. आरवली हे वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाकडील गाव. शिरोड्याला लागून असलेले, एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस डोंगर आणि मध्ये माडापोफळींच्या बागा.

या मुलखाचा थोडा इतिहास सांगितल्यावाचून पुढील विवेचनास आधार येणार नाही. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यास वखार घातली. तिचे अवशेष अद्याप उभे आहेत. इंग्रजी अमदानीत घाटावरील बेळगाव भागाचा माल आंबोलीच्या वाटेने या बंदरात उतरत असे. पुढे आगगाडी मुरगाव बंदराशी जोडली गेली, तिकडे माल वळला, आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. माल जावयाचा थांबला तरी बंदरातून एक गोष्ट मात्र जातच राहिली. ती म्हणजे माणसे. आगबोटीच्या शिट्टीबरोबर घरोघरचे शिकलेले आणि न शिकलेले तरुण मुंबईस निघत. दरमहा येणाऱ्या मनिऑर्डरीवर मागची घरे चालत, आणि गणेशचतुर्थीच्या पाच-सात दिवसांपुरती ती भरून जात. उरलेले वर्षभर ओटीवर म्हातारा आणि माजघरात म्हातारी. आगबोटी पुढे बंद झाल्या, १९८१ साली रत्नागिरीचे दोन भाग होऊन सिंधुदुर्ग हा निराळा जिल्हा झाला, १९९८ साली कोकण रेल्वे सबंध मार्गावर सुरू झाली. पण जाण्याची दिशा बदलली नाही. फक्त मुंबईच्या पुढे आणखी दूरची बंदरे त्या वाटेवर आली.

ज्यास पुढे नाटककार व्हावयाचे आहे अशा मुलास या भागात नाटक शोधण्यासाठी कोठे जावे लागत नाही. कार्तिक-मार्गशीर्षात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या म्हणजे दशावतारी मंडळी पेटारे घेऊन देवळात उतरतात. मोचेमाडकर, पार्सेकर, खानोलकर, आरोलकर, वालावलकर ही मंडळांची नावे या बाजूच्या मुलांस पाढ्यांइतकी पाठ असतात. प्रथम गणपती, मग सरस्वती, मग काळा मुखवटा घातलेला संकासुर, आणि मध्यरात्रीनंतर आख्यान. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यानाचा सांगाडा तेवढा ठरवून घ्यावयाचा आणि संवाद रंगणावर उभे राहून सुचतील तसे बोलावयाचे, असा त्याचा शिरस्ता आहे. नटांच्या हालाखीविषयी एक म्हण या मुलखात प्रसिद्ध आहे : रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. रात्रभर सिंहासनावर बसलेला पुरुष पहाटे रंग पुसून आपला पेटारा उचलतो आणि पायवाटेने पुढच्या गावी निघतो. दळवींच्या नाटकांची रीत एका वाक्यात सांगावयाची झाली, तर ते या सकाळचे नाटककार होत, असे मी म्हणेन. रात्रीचे नाटक इतरांनी लिहिले होते.

आरवलीचा वेतोबा हाही या संस्कारांतलाच. पुरुषभर उंचीहून मोठी ती उभी मूर्ती, तिच्यापुढे नवसाच्या केळ्यांचे घड आणि कातडी वहाणांचे जोड. देव रात्री गावाच्या राखणीस हिंडतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नव्या वाहावयाच्या, अशी श्रद्धा आहे. दळवींनी पुढे १९६४ साली ‘सारे प्रवासी घडीचे’ या पुस्तकात आपल्या गावच्या माणसांची चित्रे रेखाटली. ते विनोदी पुस्तक म्हणून घरोघर वाचले गेले, आणि ते विनोदी आहेही. परंतु त्या हसण्याच्या मागे, ही माणसे आता संपत चालली, असा एक जाणता खेद आहे. पुस्तकाचे नावच तो सांगते.

मुंबईस आल्यावर दळवींनी काही काळ वृत्तपत्रात आणि नंतर अनेक वर्षे अमेरिकन माहिती खात्याच्या कचेरीत नोकरी केली. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘चक्र’ या कादंबरीने मुंबईच्या झोपडपट्टीतील जिणे मराठी वाचकांपुढे उघडेवाघडे मांडले. तिच्यावरून पुढे १९८१ साली हिंदी चित्रपट निघाला. १९६४ साली ‘ललित’ मासिक सुरू झाल्यानंतर त्यात ‘ठणठणपाळ’ या नावाने त्यांनी जे सदर चालविले, त्याने थोरामोठ्या साहित्यिकांच्या पगड्या कैक वर्षे उडविल्या, आणि गंमत अशी की, ज्यांच्या उडत त्यांनाही पुढच्या अंकाची ओढ लागलेली असे. अशा रीतीने कादंबरीकार आणि विनोदकार म्हणून नाव झाल्यावर, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, हा लेखक रंगभूमीकडे वळला. ‘संध्याछाया’ १९७३ साली रंगभूमीवर आले. मग १९७७ साली ‘बॅरिस्टर’, १९७८ साली ‘सूर्यास्त’, १९८२ साली ‘पुरुष’, आणि त्यानंतर ‘नातीगोती’. १६ सप्टेंबर १९९४ रोजी ते निवर्तले. म्हणजे नाटककार म्हणून त्यांस लाभलेला काळ सुमारे वीस वर्षांचा. परंतु तेवढ्यात त्यांनी मराठी मध्यमवर्गास त्याचेच घर परक्याच्या नजरेने पाहावयास लावले.

त्यांच्या कामगिरीचे मोल ठरविण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. मराठी सामाजिक नाटकाचा पाया देवलांच्या ‘शारदे’ने १८९९ साली घातला, असे आपण मानतो. जरठाशी बालिकेचा विवाह ही त्या नाटकातील अनीती. ती दूर करावयाची, हा हेतू. आणि अखेर ती दूर होते. पुढे मामा वरेरकरांनी ‘हाच मुलाचा बाप’ लिहून हुंड्याच्या चालीवर प्रहार केला. या परंपरेतील नाटककार समाजास रोगी समजतो आणि स्वतःस वैद्य. रोगाचे नाव त्यास ठाऊक आहे, औषधही ठाऊक आहे; ते घेण्याची रोग्याची तयारी नाही, एवढेच काय ते नाट्य. ही भूमिका तिच्या काळी अत्यंत आवश्यक होती व तिने समाजाचे हितही केले. मुली शिकल्या, मुले विलायतेस गेली, विधवांचे केशवपन बंद झाले, देश स्वतंत्र झाला. सुधारकांनी जे मागितले त्यातील पुष्कळ मिळाले.

मग काय झाले? हा प्रश्न दळवींचा. औषध घेतल्यावरही रोगी कण्हत का आहे, हे पाहण्यासाठी ते घरात शिरतात. आणि त्यांची उत्तम नाटके एकापाठोपाठ एक ठेवून पाहिली तर प्रत्येकात हाच शोध चालू असलेला दिसतो.

‘संध्याछाया’ घ्या. नाना आणि नानी हे वृद्ध जोडपे. थोरला मुलगा दिनू अमेरिकेत, धाकटा नंदू लष्करी नोकरीत. आईबापांनी मुलांस शिकविले, वाढविले, मोठे केले. म्हणजे सुधारलेल्या गृहस्थाश्रमाने जे जे करावे ते सारे केले. त्या कर्तव्याचे फळ त्यांना मिळते ते असे की, घरात बोलावयास कोणी उरत नाही. दारी कोणी परका आला तरी त्यास लवकर सोडवत नाही, इतकी ती दोघे माणसांची भुकेली झालेली आहेत. थोरला तिकडेच लग्न करून तिकडचाच होतो, धाकटा मरण पावतो, आणि अखेर दोघे मिळून जगाचा निरोप घेण्याचे ठरवितात.

या नाटकाच्या तीनच वर्षे आधी, १९७० साली, शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले होते. दोन्हींचा विषय वार्धक्य. पण त्यांतील अंतर पाहण्याजोगे आहे. अप्पासाहेब बेलवलकरांस मुलांकडून अपमान सोसावा लागतो. शेक्सपियरच्या लियर राजाप्रमाणे त्यांच्याजवळ एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे फिर्याद. वादळात उभे राहून ते जगाला जाब विचारू शकतात, आणि प्रेक्षक मनातल्या मनात मुलांस दोष देऊन मोकळा होतो. नाना-नानींजवळ फिर्यादही नाही. दिनू दुष्ट नाही. तो पत्रे पाठवितो, पैसे पाठवितो, त्याच्या परीने प्रेमही करतो. त्यास दोष द्यावा तर ज्या आईबापांनी त्यास उंच उडावयास शिकविले त्यांसच दिल्यासारखे होते. ज्या दुःखास कोणी अपराधी नाही त्याचे नाटक लिहिणे सर्वांत कठीण. संघर्ष हा नाटकाचा प्राण, असे आम्ही वर्गात शिकवितो. येथे संघर्षास प्रतिपक्षच नाही. तरीही विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली, आणि नानीची भूमिका त्यांनी स्वतः केली असता, या नाटकाने प्रेक्षकांस जे रडविले ते आजही जुन्या मंडळींच्या तोंडून ऐकावयास मिळते. हिंदीतही ते गेले आणि तेथल्या प्रेक्षकांस ते आपलेच वाटले.

‘बॅरिस्टर’ हे नाटक त्यांनी आपल्याच ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीवरून रचले. जुना मोठा वाडा, त्यात केशवपन केलेली मावशी, विलायतेहून शिकून आलेला बॅरिस्टर, आणि जिच्यावर तरुणपणीच वैधव्य ओढवते अशी राधाक्का. शंभर वर्षांपूर्वीच्या नाटककाराने बॅरिस्टरच्या हातून राधाक्केचा उद्धार करविला असता आणि मंगल वाद्यांवर पडदा टाकला असता. दळवींचा बॅरिस्टर सुधारणेच्या बाजूने पुढे सरसावतो, केशवपनास आडवा येतो, पण ज्या घराण्यात वेडाचा वारसा आहे त्या घराण्याचा तो मुलगा आहे. दुसऱ्यास अंधारातून बाहेर काढणारा हात स्वतःच त्या अंधारात रुतलेला. इब्सेनच्या १८८१ सालच्या ‘भुते’ या नाटकाची येथे आठवण होणे साहजिक आहे. तेथेही पित्याकडून आलेला रोग पुत्रास ग्रासतो. परंतु इब्सेनच्या नाटकातील रोग हा पित्याच्या दुराचाराचे फळ आहे, म्हणजे तेथे पुनः नीतीचा हिशेब आहे. दळवींच्या वाड्यातील वेडास असा हिशेब नाही. ते भिंतीतील ओलीसारखे आहे. पावसाळा आला की वर येते. विक्रम गोखले यांचा बॅरिस्टर आणि विजया मेहतांची मावशी यांमुळे या नाटकाच्या प्रयोगास जी कीर्ती मिळाली ती सर्वश्रुत आहे.

‘सूर्यास्ता’त हाच विचार घरातून राज्यकारभारात जातो. स्वातंत्र्यासाठी झिजलेले वृद्ध अप्पाजी, आणि स्वराज्यात मुख्यमंत्री झालेला त्यांचा मुलगा. बापाने जे स्वप्न पाहिले ते मुलाच्या रूपाने खरे झाले, आणि खरे झाले म्हणूनच ते बापास पाहवेनासे झाले. ‘पुरुष’ नाटकात शिक्षिका असलेल्या अंबिकेवर गुलाबराव हा पुढारी अत्याचार करतो, आणि तिच्या वडिलांची सात्त्विक निष्ठा तिला न्याय मिळवून देण्यास असमर्थ ठरते. ‘नातीगोती’त मतिमंद मुलाच्या आईबापांची जी कथा आहे तिने तर प्रेमाविषयीच्या आपल्या सर्व गोड कल्पनांस हात घातला. आईबापांस मूल हवेही असते आणि त्याच्या ओझ्यातून सुटकाही हवी असते, हे सत्य त्यापूर्वी कोणी मराठी रंगभूमीवर इतक्या शांतपणे उच्चारले नव्हते.

दळवींची नाटके निर्दोष आहेत असे कोणी म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही. शेवटच्या अंकात ते कधी कधी घाई करतात. ‘पुरुष’मधील सूडाचा शेवट प्रेक्षकांस खुर्चीवरून उठवितो खरा, पण त्या झटक्यात मूळ प्रश्न, म्हणजे न्याय कोठे मागावयाचा हा प्रश्न, मागे पडतो. ‘संध्याछाये’चा शेवटही धाकट्या मुलाच्या मृत्यूमुळे अनावश्यक जड झाला आहे, असे मला वाटते. धाकटा जिवंत असता, आणि तोही केवळ दूर असता, तर नाना-नानींचे एकाकीपण अधिक भयंकर झाले नसते काय? कारण मग त्याला निमित्तही उरले नसते. परंतु ही उणीव मोठ्या लेखकाची आहे. त्याने उचललेले ओझे जड होते, म्हणून पाऊल कोठे कोठे अडखळले.

वेंगुर्ल्याच्याच परिसरात, दळवींनंतर पाच वर्षांनी, ८ मार्च १९३० रोजी बागलांच्या राईत चिंतामण त्र्यंबक खानोलकर जन्मास आले. आरती प्रभू या नावाने कविता आणि खानोलकर या नावाने कादंबऱ्या व नाटके लिहिणाऱ्या या पुरुषाने तोच मुलूख पाहिला आणि त्यातून अगदी निराळे नाटक काढले. या किनाऱ्यावरील ‘कोंडुरा’ हे नाव त्यांनी १९६६ साली कादंबरीला दिले. त्याच वर्षी ‘एक शून्य बाजीराव’ रंगायनने विजया मेहतांच्याच दिग्दर्शनाखाली सादर केले. खानोलकरांनी दशावताराची रात्र घेतली : तिचे भय, तिचे मुखवटे, तिच्यातील दैवाची अटळ चाल. दळवींनी त्याच जत्रेची सकाळ घेतली. एकाच दिग्दर्शिकेने या दोघांस रंगभूमीवर आणावे, हा योगायोग मराठी नाटकाच्या इतिहासात लक्षात ठेवण्यासारखा आहे. खानोलकर १९७६ साली, अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी, गेले. याच जिल्ह्याच्या बोलीत, १९८० साली, गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ आले आणि गावच्या नाटकमंडळीच्या फजितीवर सारी मुंबई हसली. भय, शोक आणि हास्य हे तिन्ही रस अवघ्या पंधरा वर्षांत एका लहानशा किनारपट्टीने मराठी रंगभूमीस पुरविले.

दळवींच्या प्रभावाची मोजदाद कशी करावी? अमुक नाटककाराने त्यांचे अनुकरण केले, असे दाखविणे अवघड आहे, आणि त्याची आवश्यकताही नाही. १९८५ साली महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ आले, तेव्हा ढासळते घर आणि त्यातील कोणीही पूर्णपणे वाईट नसलेली माणसे पाहावयास प्रेक्षक तयार होता. एलकुंचवारांची प्रतिभा स्वतंत्र आहे, त्यांचा विदर्भातला वाडाही निराळा. पण खलपुरुषावाचून नाटक होऊ शकते, हे तोवर मराठी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडले होते, आणि ते पाडण्यात दळवींचा वाटा मोठा आहे. त्यांची भाषा हेही त्याचे एक कारण. गडकऱ्यांच्या काळापासून मराठी नाटकातील पात्रे सुंदर बोलत आली. दळवींची पात्रे बोलतात ती घरातल्यासारखी. अर्धे वाक्य टाकून देतात, विषय बदलतात, चहाचे विचारतात. ज्या मुलाने संहितेवाचून चालणारे संवाद रात्र-रात्र ऐकले, त्यास बोलण्यातील हा जिवंतपणा तेथेच सापडला असावा, असा माझा तर्क आहे.

परंतु लेखकाचा खरा प्रभाव दुसऱ्या लेखकांवर पडतो त्याहून अधिक वाचकांच्या आयुष्यावर पडतो. मी ‘संध्याछाया’ प्रथम पाहिले ते विद्यार्थीदशेत, एका हौशी मंडळीच्या प्रयोगात. परत येताना आम्ही मित्रांनी वाटभर दिनूस शिव्या दिल्या. असला मुलगा आपण कधीही होणार नाही, अशी त्या वयास शोभणारी प्रतिज्ञाही केली. त्यास आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला. त्या मित्रांपैकी निम्मे आज दिनू आहेत, आणि वाईट मुळीच नाहीत. मी गावाजवळ राहिलो. पण माझी मुलगी शिकली, परदेशी गेली, तिने तेथे आपले बरे चालविले आहे. तिने जावे म्हणून आग्रह धरणारा मीच होतो. गेल्या वर्षी वर्गात हे नाटक शिकविताना एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, मग दिनूने काय करायला हवे होते?” मला उत्तर देता आले नाही. पूर्वी येत असे.

चतुर्थी सरली म्हणजे वेंगुर्ल्याच्या वाड्यांतून हिंडावे. कुलपे पुनः लागलेली असतात. ज्या घरांस कुलूप नाही तेथे ओटीवर कोणी वृद्ध गृहस्थ बसलेले असतात. तुम्ही ओळखीचे असा वा नसा, ते तुम्हांस आत बोलावतात, पाणी देतात, कोणाचे कोण म्हणून विचारतात, आणि तुम्ही उठू लागलात की आणखी एक विषय काढतात. सुधारणेविरुद्ध त्यांची तक्रार नसते. मुलगा कोठे आहे, काय पगार आहे, नातवंडे किती गोरी आहेत, हे ते अभिमानाने सांगतात. दळवींनी या अभिमानाची कधी थट्टा केली नाही, ठणठणपाळानेही नाही. त्यांनी इतकेच केले की, तो अभिमान सांगून झाल्यावर पाहुणा उठून जातो आणि मागे जी शांतता उरते तिच्याकडे प्रेक्षकांस थोडा वेळ बसवून ठेवले. या घरांतील माणसांसाठी काय करता येईल, ते नाटककार सांगत नाही. पण आपण उठावयास लागलो असता आणखी पाव घटका बसावे, एवढे ज्यास त्याच्या नाटकामुळे सुचेल, त्याने ते नाटक नीट पाहिले असे मी समजेन.